पिशवीचा वास

सोमवार, ३ फेब्रुवारी

सुतारकामाची खोली आजपासून माझ्या गळ्यात पडली. सुतारकामाचे सर शिडीवरून पडून कमरेचं हाड मोडून घरी झोपले आहेत आणि नववीची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली आहे. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत विचारलं, तेव्हा सगळ्यांना एकदम वह्या तपासायची आठवण झाली. मी तेवढी मान वर ठेवली होती. मुख्याध्यापक एके काळचे माझेच विद्यार्थी, त्यामुळे माझी नस त्यांना ठाऊक आहे. म्हणाले, तुम्ही घेतलं नाहीत तर खोलीला कुलूप लावावं लागेल आणि त्या मुलांचा विषयच जाईल. घेतलं. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, आता शेवटच्या वर्षी भुसा. मी यंदा निवृत्त होईन, गुडघे आधीच झाले आहेत.

खोली पाहून आले. लांबट, एका अंगाला खिडक्या, मधोमध तीन जाड टेबलं. मागच्या भिंतीला घासायची दोन यंत्रं. एकावर खरखरीत पट्टा फिरतो, दुसऱ्यावर ताटाएवढी चकती. मुलं पट्ट्याच्या यंत्राला थोरली म्हणतात, चकतीच्या यंत्राला धाकटी. दोघी जावा, म्हणे, एक सुरू झाली की दुसरीला गप्प बसवत नाही. दोघींच्या पोटाला भुसा ओढून घेणारी एकेक कापडी पिशवी. जुने मोडके बाक फोडून त्यांच्या फळ्यांची स्टुलं करायची आहेत. परीक्षेला प्रत्येकाने आपलं स्टूल मांडायचं.

घरी आल्यावर यांना सांगितलं. हे म्हणाले, "भुसा नाकात जाईल, जप." आणि उठून गॅसची मूठ पाहून आले. गेल्या वर्षापासून हा एक नवा नाद. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की हे आत जातात. निवृत्त माणसाला काहीतरी तपासायला लागतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज कोणालाही यंत्राला हात लावू दिला नाही. पूर्ण तास नियम. मुलांची तोंडं पडली, पडू देत.

केस बांधून एप्रनच्या आत. बाह्या कोपरावर. गळ्यात, मनगटात काही नको. हातमोजे अजिबात नकोत. एक मुलगा वडिलांचे जाड हातमोजे घेऊन मोठ्या ऐटीत आला होता. त्याला बंद चकतीजवळ उभं करून दाखवलं, मोज्याचं टोक धरलं गेलं तर आतला हात मागे राहत नाही. त्याने मोजे गुपचूप दप्तरात टाकले. चकती ज्या बाजूने खाली जाते त्याच बाजूला लाकूड टेकवायचं, नाहीतर ते उडून तोंडावर येईल. लहान तुकडा हाताने धरायचा नाही, शिकंज्यात धरायचा. बटण बंद केलं म्हणजे यंत्र थांबलं असं नाही, डोळ्यांनी थांबलेलं बघायचं, मगच हलायचं. घासायचा कागद बदलताना आधी प्लग बाहेर. काही वावगं दिसलं तर यंत्र बंद आणि हात वर. गॉगल आणि मास्क सर्वांना.

जुन्या फळ्यांत खिळे असणार. लोखंडावर चकती गेली की ठिणग्या उडतात, आणि त्या पिशवीतल्या भुशात जाऊन बसल्या तर आत धुमसत राहतात, बाहेर पत्ता लागत नाही. म्हणून प्रयोगशाळेतला मोठा चुंबक आणला आहे. प्रत्येक फळी आधी चुंबकाखालून जाईल. तास संपला की पिशव्या बाहेरच्या पत्र्याच्या पिंपात झटकून वर पाणी ओतायचं. आणि कुलूप लावण्यापूर्वी मी स्वतः पिशव्यांना नाक लावून बघणार. हात चुकेल, नाक चुकत नाही.

सगळ्यात जास्त प्रश्न एका मुलीने विचारले. लांब, काटकुळी, तोंड क्षणभर मिटत नाही. मुलं तिला टकळी म्हणतात ते बरोबर आहे. तिला विचारायचं होतं, मास्क सर्वांना तर बाईंना का नाही. तिला सांगितलं, मास्कमधून ओरडता येत नाही आणि चष्म्यावर वाफ धरते. ती म्हणाली, "आमच्यातही चष्मेवाले आहेत." बसवली खाली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

यंत्रं सुरू झाली. दिवसभर कानात घुंई. बोटं सगळ्यांची जागच्या जागी आहेत, म्हणजे दिवस चांगला.

हल्लीच्या लाकडात काही राम नाही. माझ्या लहानपणी घराशेजारी वखार होती. करवत चालली की गल्लीभर वास सुटायचा आणि डोळे मिटून सांगता यायचं आज कोणतं लाकूड आलं आहे. इथे डोंगराएवढा भुसा पडतो आणि वास म्हणाल तर मातीइतकाही नाही. चहाचंही तेच झालं आहे. वाणी काय विकतो कोण जाणे. यांना म्हटलं, दुकान बदला. हे चहा पूर्ण प्याले.

टकळीने दुपारी डोकं धरलं. पलीकडच्या खोलीत दारांना रंग देत आहेत, त्या वासाने गरगरतं, म्हणे. मी तिथेच उभी होते. मला काही झालं नाही. तिला पाणी पाजून कामाला लावलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

झाडायची पाळी टकळीची होती. पोट दुखतं म्हणाली, घरी जाऊ दिलं. पाऊण वाटेवर मला ही दिसली. मैत्रिणीबरोबर कठड्यावर बसून पेरू खात होती. मला बघून पेरू पाठीमागे धरला. मी एक अक्षर बोलले नाही. अशा वेळी न बोलणं जास्त लागतं. पण लक्षात ठेवलं आहे.

घरी फोडणी करपली. हे जिना चढतानाच ओरडत आले. लक्ष नव्हतं, एवढंच. दमल्यावर कोणाचं लक्ष असतं?

सोमवार, १७ फेब्रुवारी

पाय सुजले आहेत. स्टुलं मात्र उभी राहू लागली. सगळ्यात नेटकं टकळीचं आहे. तिन्ही पाय एका मापाचे, सांधा असा बसला आहे की नख जाणार नाही. कौतुक केलं नाही, लगेच हवेत जाईल. तिला पुढे फर्निचरचं शिकायचं आहे. परीक्षेत पहिली आली तर तंत्रशाळेत जागा मिळते, हे तिनेच सगळ्यांना ऐकवलं आहे. तिची आई परिचारिका आहे. घरात या दोघीच.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आजचा दिवस वाईट गेला.

टकळी धाकटीवर पायाचं टोक घासत होती. मध्येच यंत्र बंद केलं, ते थांबेपर्यंत उभी राहिली आणि हात वर केला. सगळं नियमाप्रमाणे. म्हणाली, ठिणगी दिसली. भोकं बुजवायच्या लांबीखाली खोल गाडलेला एक खिळा होता, त्याचं डोकं घासून चकचकीत झालं होतं. त्या फळीवर मी स्वतः चुंबक फिरवला होता. चुंबकाची ओढ अंतराने किती झपाट्याने कमी होते हे मी दर वर्षी मुलांकडून पाठ करून घेते.

खिळा पकडीने उपटला. ठिणगी आत गेली असेल म्हणून पिशवी चाचपली, थंड होती. तोंड उघडून नाक लावलं. काही नाही. काम पुढे चालू केलं.

तास संपताना झाडलोट सुरू झाली. पाळी पुन्हा टकळीचीच. तिने मास्क खाली ओढला आणि म्हणाली, "बाई, जळका वास येतोय." एक मुलगा म्हणाला, मलाही थोडा. मी त्याच्याकडे पाहिलं, तर म्हणाला, नसेल बहुतेक. मी धाकटीची पिशवी काढली आणि सगळ्यांच्या देखत पुन्हा नाकाशी धरली, चांगला दीर्घ श्वास घेतला. कापडाचासुद्धा वास नव्हता. तिला विचारलं, कुठे आहे वास? ती म्हणाली, "आहे, बाई. तुमच्या हातातच आहे."

वर्ग हसला. पेरू आठवला. झाडायची वेळ आली की हिला काही ना काही होतं, आणि आता आगीची आवई उठवून सगळा वर्गच बाहेर काढायला निघाली. जिथे एक खोटा इशारा उद्याच्या खऱ्या इशाऱ्याचं मोल घालवतो, तिथे मी खोटं चालवून घेणार नाही. तिला सांगितलं, खोटं बोलणाऱ्याला या खोलीत जागा नाही, परीक्षा संपेपर्यंत इथे पाऊल टाकायचं नाही. ती रडली नाही. "स्टूल?" एवढंच विचारलं. मी दार दाखवलं.

या सगळ्यात सभेची वेळ झाली. मुख्याध्यापकांचं बोलावणं दोनदा आलं. पिंप आवाराच्या टोकाला आणि माझे गुडघे हे असे. पिशवी परत लावली, उद्या सकाळी रिकामी करू. वास तर घेतलाच होता. कुलूप लावलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

काल संध्याकाळी ही वही मिटली आणि फोन आला. सुतारकामाच्या खोलीत आग.

फार नाही. पहारेकऱ्याला खिडकीतून धूर दिसला, त्याने काच फोडून पाण्याची नळी आत सोडली. धाकटी काळीठिक्कर, मागची भिंत छतापर्यंत काळी, एक टेबल गेलं. यंत्राशेजारी टकळीचं स्टूल ठेवलेलं होतं, त्याचा एक पाय आणि बैठकीची कड जळली. मी ते उचलून खिडकीत ठेवलं. का ते सांगता येणार नाही.

आग धाकटीपाशीच लागली, म्हणजे पिशवी असणार, हे मी मुख्याध्यापकांना म्हटलं. पण पिशवी मी दोनदा तपासली होती, हेही म्हटलं, कारण ते खरं आहे. तेव्हा पहारेकरी म्हणाला की शाळा सुटल्यावर ती उंच मुलगी मागच्या खिडकीशी घुटमळत होती, त्याने हाकलली. मुख्याध्यापकांनी तिला बोलावलं. ती म्हणाली, वास वाढला का बघायला गेले होते. ते म्हणाले, दुपारी बाईंनी वर्गाबाहेर काढलं, संध्याकाळी आग, आणि मधे तू खिडकीशी. ती माझ्याकडे बघत राहिली.

शुक्रवारी तिच्या आईला बोलावलं आहे. दाखला हातात देतील असं दिसतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दिवसभर तेच डोक्यात. संध्याकाळी दूध गॅसवर ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी, ओट्याकडे पाठ करून, लिहायला बसले आहे. हे फिरायला गेले आहेत.

शांतपणे मांडून बघते. पिशवीला वास नव्हता. मी शास्त्राची पदवीधर आहे, जळक्याचा वास म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. वास नव्हता, म्हणजे आग नव्हती. मग जी आग अजून लागलीच नव्हती तिचा वास त्या मुलीला कसा आला? लागणार हे माहीत असेल तरच. मला असं वाटून घ्यायचं नाही. पण तिने केलं नसेल तर मग कोणी? हुशार मुलांचा राग वाईट असतो, ती मनात धरून

नंतर लिहिते.

हे दार उघडून धावत आत आले आणि मला ओलांडून ओट्याशी गेले. वळून पाहिलं तर दुधाचं पातेलं काळं पडलेलं, वरचा धूर छताला टेकलेला. माझ्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर. यांना तो वास खालच्या जिन्यात आला होता.

यांनी गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "अगं, तुला वास येत नाही. गेल्या हिवाळ्यात तो ताप आला, तेव्हापासून."

मी म्हटलं, मग सांगितलं का नाही?

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, माझं नाक शाबूत आहे, तुम्ही डोकं तपासून घ्या."

म्हणाले असेन. माझ्यासारखंच बोलणं आहे ते. हे उठले आणि मला डोळे मिटायला लावून एकेक वस्तू नाकाखाली धरू लागले. काय आहे, कळेना. दुसरी, कळेना. तिसऱ्या वेळी डोळे झोंबून पाणी आलं तेव्हा म्हटलं, कांदा. हे म्हणाले, हे डोळ्यांनी ओळखलंस. डोळे उघडले तर टेबलावर साबण होता, फिनेलची बाटली होती आणि अर्धा कांदा. हे हसवायला म्हणून म्हणाले, त्या नाकावर नुसता राग शिल्लक आहे, आत काही नाही. मला हसू आलं नाही. तेव्हा माझा हात धरून बसले. गॅसची मूठ वर्षभर कोण आणि का बघत होतं, ते तेव्हा समजलं.

लाकडाला वास होता. चहालाही होता. बिचाऱ्या वाण्याला उगाच बोल लावला.

आणि पिशवी मी नाकाशी धरली होती. दोनदा, सगळ्यांच्या देखत. ती मुलगी म्हणाली होती, तुमच्या हातातच आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सकाळी डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी नाकात दिवा घालून पाहिलं. येईल किंवा येणार नाही, म्हणाले, आणि धुळीत उघड्या नाकाने उभं राहण्याबद्दल जे बोलले ते मी मुलांना पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

टकळीच्या आईच्या आधी मुख्याध्यापकांच्या खोलीत पोचले. सगळं सांगितलं. खिळा, ठिणगी, पिशवी, पिंप, गुडघे, आणि शेवटी नाक. त्यांनी उठून दार लावून घेतलं. म्हणाले, "बाई, तुमचे शेवटचे काही महिने उरले आहेत. हे कोणाला कळायची गरज नाही. वायरिंग जुनंच आहे. वायरिंगवर टाकू, मुलगीही सुटेल."

खरं सांगायचं तर क्षणभर मी खुर्चीत सैल झाले. इतकी दमले आहे. कोणाचं काही बिघडत नव्हतं. मुलगी शाळेत राहणार, मी मानाने घरी जाणार, खोली चालू राहणार. कबूल केलं तर एखादे वेळी खोलीच बंद होईल आणि सगळ्यांचाच विषय जाईल, हेही त्यांनी सूचकपणे सांगितलं. मुलगा हुशार आहे. माझ्याकडेच शिकला.

मी म्हटलं, "तिला खोटारडी मी ठरवलं. वायरिंगने नाही."

तिची आई आली. रात्रपाळी करून तशीच आली होती, गणवेशावर शाल, डोळे सुजलेले. मुलगी मागे, खाली मान. मी उभी राहिले आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. माझं संपल्यावर आई म्हणाली, "बाई, आमच्या वॉर्डात येतात असे. त्यांना स्वतःला कळत नाही, घरच्यांना कळतं." मग मुलीकडे वळून म्हणाली, "आणि तू पोटदुखीची सोंगं करशील, तर खरं बोललीस तरी कोण ऐकेल?"

मुख्याध्यापकांनी थोरली परीक्षेपर्यंत चालू ठेवायला परवानगी दिली. अट एकच, कुलूप लावताना माझ्याबरोबर आणखी एक नाक हवं. त्यांनी शिक्षकांच्या खोलीत विचारलं. पुन्हा सगळ्यांना वह्या आठवल्या. मी एक नाव सुचवलं. ते म्हणाले, ती तर शाळेतली मुलगी आहे. मी म्हटलं, पण तिचं नाक शाबूत आहे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

वर्गाला सांगितलं. फळ्यापाशी उभं राहून, चार वाक्यांत. यंत्र चुकलं तर आपण बंद करतो, मीही एक यंत्र आहे, माझं नाक बंद पडलं आहे आणि मी ते तपासलं नव्हतं. टकळी खरं बोलली होती, मी चुकले. कोणी हसलं नाही. ज्याला 'थोडा' वास आला होता तो मुलगा म्हणाला, मलाही आला होता, बाई. मी म्हटलं, तू तर माझ्या डोळ्यांना घाबरून नाक बदललंस, पुन्हा तसं करू नकोस.

मग मास्क लावला. चष्म्यावर वाफ धरली. मागून कोणीतरी म्हणालं, बाई धुक्यात गेल्या. चालवून घेतलं.

टकळीला खिडकीतलं स्टूल दिलं. तिने ते उलटंपालटं करून पाहिलं. मला वाटलं आता काही टोचून बोलेल, आणि माझी ऐकून घ्यायची तयारी होती. ती म्हणाली, बैठकीची कड घासून निघेल, पाय नवा करावा लागेल, शनिवारच्या परीक्षेपर्यंत होईल का? मी म्हटलं, मी फळी काढून देते. या वेळी चुंबक तिने फिरवला, आणि त्यानंतर अणकुचीदार आरीने लांबी टोचून टोचून पाहिली. ते मला सुचायला हवं होतं.

दुपारी ती जळकी कड थोरलीवर धरली. काळं निघत गेलं आणि खालून पिवळसर लाकूड वर आलं. सगळी पोरं मास्कवरून नाकं दाबून मागे सरकली. मी जवळच उभी होते. मला नुसता आवाज ऐकू येत होता.

यंत्र थांबल्यावर तिला विचारलं, कसा येतोय?

तिला आधी वाटलं मी परीक्षा घेते आहे. मग मास्क खाली केला, लाकडाला नाक लावलं आणि विचार करून म्हणाली, "वरून करपल्यासारखा. आत गेलं की गोड, बाई. बडीशेपेच्या डब्यासारखा." वखारीत असं एक लाकूड यायचं. कोणतं ते मी तिला सांगितलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

विशेष काही नाही. पाय दुखतात. तिच्या स्टुलाचा नवा पाय बसला, जरा फिका दिसतो.

सुटल्यावर मी पिशवी काढून दोन्ही हातांत धरली. टकळीने तोंड उघडून नाक आत घातलं, मग बाहेरून शिवणीशी, मग यंत्राच्या पोटाशी. आवाराच्या टोकापर्यंत चालत गेलो, पिशवी पिंपात झटकली, पाणी ओतलं. तिने पिंपावर वाकून पुन्हा एकदा पाहिलं.

"काही नाही, बाई," ती म्हणाली.

मी खोलीला कुलूप लावलं.